५ वॉट पुरतात, बिघाड कीइंगमध्ये आहे

तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. ५० किलोमीटर अंतरावरच्या रिपीटरांसाठी (ऐकलेला आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रसारित करणारी रेडिओ केंद्रं) मी ५ वॉटची लिंक, म्हणजे त्यांना जोडणारा रेडिओ दुवा, सुचवणं चूक आहे, निदान ४० वॉटचा मोबाइल सेट हवा, हा पहिला. तुम्ही जोडलेले दोन रिपीटर एकदा कुणी बोललं की आपोआप एकमेकांना उठवत राहतात, म्हणून रेडिओचा नाद सोडून इंटरनेटने जोडावं, हा दुसरा. उत्तर दुसऱ्यापासून देतो, कारण तुमची खरी अडचण तिथे, म्हणजे कीइंगमध्ये (ट्रान्समीटर कशामुळे चालू-बंद होतो त्यात) आहे.

तुम्ही लिंक सेटचा पीटीटी (प्रसारण सुरू करणारा सिग्नल) रिपीटरच्या ट्रान्समीटरच्या पीटीटीवरून घेतला आहे. बोलणारा थांबल्यावरही रिपीटर दोन-तीन सेकंद कॅरिअर (आवाजाशिवायची नुसती रेडिओ लहर) धरून ठेवतो, तोवर लिंकही चालूच राहते. पलीकडचा रिपीटर त्यावर उठतो आणि त्याचा धरून ठेवलेला कॅरिअर लिंकवरून अलीकडे परत येतो. लिंक एकाच फ्रिक्वेन्सीवर असेल तर हे आळीपाळीने चालतं. दोन फ्रिक्वेन्सींची असेल तर दोन्ही रिपीटर कायमचे अडकून बसतात. हीच वायरिंग ठेवून इंटरनेट लावलंत तरी हेच होईल.

लिंक ट्रान्समीटर फक्त स्थानिक रिसीव्हरच्या सीओआरवरून (सिग्नल आल्याची खूण देणारी जोडणी) चालवा, तोही टोन डिकोडरनंतरचा, म्हणजे ठरलेला टोन ओळखल्यावरच मिळणारा. लिंक रिसीव्हरच्या सीओआरने फक्त रिपीटरचा ट्रान्समीटर उठावा. तीन जागा असतील तर मधल्या जागेने आलेला आवाज बाकीच्या लिंकवर पाठवावा, ज्या लिंकवरून आला तिच्यावर कधीही नाही. लिंकचा सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली सतत जाणारा, ओळख पटवणारा खालच्या पट्टीतला टोन) वापरकर्त्यांच्या टोनपेक्षा वेगळा ठेवा आणि ३०० हर्ट्झखालचा भाग प्रत्येक जागी फिल्टरने कापा, नाहीतर एका जागेचा टोन पुढच्या जागेच्या डिकोडरला गोंधळात पाडतो. टोन ओळखायला डिकोडरला साधारण पाव सेकंद लागतो आणि हा उशीर प्रत्येक टप्प्याला वाढत जातो. तीन टप्प्यांवर पहिला शब्द हमखास खाल्ला जातो, म्हणून पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून बोलायची सवय सगळ्यांनाच लावावी लागते.

आता पॉवर. ४३५ मेगाहर्ट्झला ५० किलोमीटरवर मोकळ्या हवेतला तोटा सुमारे ११९ डीबी (डेसिबल). ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली डेसिबल पातळी). दोन्हीकडे १० डीबीआय लाभाच्या यागी (एका दिशेने रोखलेल्या अँटेना) आणि केबलमध्ये प्रत्येकी २ डीबी तोटा धरला, तर पलीकडे −६६ डीबीएम सिग्नल पोचतो. ०.२५ मायक्रोव्होल्ट संवेदनशीलतेच्या रिसीव्हरला −११९ डीबीएम पुरतात. म्हणजे ५० डीबीहून जास्त शिल्लक! ४० वॉटने त्यात फक्त ९ डीबीची भर पडते आणि मोबाइल सेट सतत प्रसारणासाठी बनवलेला नसल्याने तापतो तो वेगळाच.

हा हिशोब मार्ग खरोखर मोकळा असेल तरच लागू होतो. मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवतीची, लहरींना लागणारी जागा) त्रिज्या ९३ मीटर येते. तिचा ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे ५६ मीटर. त्यात पृथ्वीच्या वक्रतेचे सुमारे ३७ मीटर मिळवा. दृष्टिरेषेखाली एवढी जागा नसेल तर पॉवर वाढवण्याआधी अँटेनाची उंची वाढवा. मध्ये डोंगरच असेल आणि तिसरी जागा मिळत नसेल, तिथे इंटरनेटचा तुमचा सल्ला मला पूर्ण मान्य आहे. मार्ग मोकळा असताना मात्र जागेवरच्या बॅटरीवर चालणारी लिंक सोडू नये. बाहेरचं सगळं बंद पडतं तेव्हा तीच चालू राहते.

आवाज पातळ आणि किरकिरा येतो असंही तुम्ही लिहिलंय. डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा भाग) घेतलेला आवाज सपाट मॉड्युलेटर इनपुटलाच द्या आणि स्पीकरवरचा माइकला. सरमिसळ झाली की प्री-एम्फसिस (उंच स्वर मुद्दाम वाढवणं) एकदा जास्त किंवा एकदा कमी लागतो. मग १ किलोहर्ट्झचा टोन ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते माप) आत सोडून प्रत्येक टप्प्याला तितकंच डेव्हिएशन बाहेर येईल असं जुळवा. हे कानाने जमत नाही, डेव्हिएशन मीटरच लागतो.

लिंकची फ्रिक्वेन्सी निवडताना रिपीटरच्या आउटपुटची तिप्पट आधी काढा. १४५.७०० मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा नकोसा सिग्नल) ४३७.१०० वर पडतो, तिथे लिंक रिसीव्हर ठेवू नका. तपासायला लिंक रिसीव्हरला १२ डीबी सिनाड (आवाज गोंगाटापेक्षा किती स्पष्ट आहे ते माप) देणारा क्षीण सिग्नल द्या आणि रिपीटरचा ट्रान्समीटर चालू करा. सिनाड घसरला तर ट्रान्समीटरला अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर प्रसारित न करता शोषून घेणारा भार) लावून पुन्हा पाहा. घसरण थांबली तर वाट अँटेनातून आहे, तिथे कॅव्हिटी फिल्टर (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारा गाळणीसारखा भाग) आणि अँटेनांमधलं उभं अंतर कामी येतं. तरीही घसरत असेल तर गळती कॅबिनेटमध्येच आहे. आधी सेटची आवरणं, जोडकेबली आणि वीजपुरवठ्याच्या तारा बघा.