"यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा आणि मत द्या" म्हणे!

निवडणूक आली की हा मेसेज परत फिरायला लागतो, तुमच्याकडेही आला असेलच. यादीत नाव नाही? घाबरू नका, आधार नाहीतर वोटर कार्ड दाखवा आणि 'कलम ४९ए' खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कोणी टाकून गेलं असेल तर टेंडर व्होट मागा. आणि बूथवर १४ टक्क्यांच्या वर टेंडर मतं पडली तर तिथे फेरमतदान. खाली अर्थातच "सगळ्या ग्रुपवर पाठवा". उत्तरं देऊन देऊन कंटाळलो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

पहिलं, ४९ए. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९ए आहे, पण त्यात मतदान यंत्र कसं असावं एवढंच दिलंय. चॅलेंजचा नियम वेगळा, ४९जे, आणि तो मेसेजच्या बरोब्बर उलटा आहे. तिथे चॅलेंज तुम्ही करत नाही, तुमच्यावर होतो! उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं की हा माणूस तो नव्हेच, तर तो २ रुपये भरून (हो, दोनच) हरकत घेतो आणि केंद्राध्यक्ष चौकशी करतो. यादीत नसलेल्याला आत घ्यायची सोय त्यात कुठेच नाही.

टेंडर व्होट मात्र खरं आहे, नियम ४९पी. पण त्यासाठीही यादीत नाव लागतंच. यंत्रावर मत देता येत नाही, कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले तेव्हा टेंडर मतांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, म्हणजे त्यांना किंमत येते ती अशी कोर्टात गेल्यावर.

१४ टक्के? असा नियमच नाही.

आता आधारचं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. यादीत नाव आहे पण वोटर कार्ड हरवलंय, तर आधार, पासपोर्ट, लायसन्स यातलं काहीही दाखवून मत देता येतं. लोकांनी यातला "यादीत नाव आहे" हा भाग गाळला आणि उरलेलं फॉरवर्ड केलं. उलटंही तितकंच खरं, कार्ड कपाटात आहे म्हणून नाव यादीत असेलच असं नाही, घर बदललं, कोणी हरकत घेतली, नाव उडालं, आणि ते कळतं थेट मतदानाच्या दिवशी. चुकून नावं उडतात हे मलाही मान्य आहे आणि चीड येते. पण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता किंवा काढता येत नाही, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तसं आहे, मग केंद्राध्यक्षावर ओरडून काय होणार?

महापालिका, झेडपीच्या वेळी तर अजून गंमत. लोकांना वाटतं पालिका वेगळी यादी बनवते. नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभागानुसार फोडतो. प्रभाग यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं किंवा फोडताना सुटलेलं नाव दुरुस्त होतं, नवीन नाव घुसवता येत नाही.

या मेसेजचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. नावनोंदणीसाठी वर्षभर फिरतात ते बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणजे झेडपीचे गुरुजी, अंगणवाडी सेविका, पालिकेचे कर्मचारी, स्वतःची ड्युटी सांभाळून. दार वाजलं की आपण "नंतर या". कॉलेजात कॅम्प लागतो तिथे सतरा वर्षं पूर्ण झालेली पोरंपण आगाऊ अर्ज देऊ शकतात, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा अठरा पूर्ण धरायच्या चार तारखा आहेत, तरी टेबल रिकामं. का, तर आधार दाखवलं की झालं असं ग्रुपवर वाचलेलं असतं.

नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८, अडलं तर १९५० या हेल्पलाइनला फोन. हे मी त्या मेसेजखाली टाकलं तर त्यावर एक अंगठा आला, आणि संध्याकाळी त्याच अंगठावाल्याने तोच मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवला.