हात खिशात

ताईचा फोन एरवी रविवारी सकाळी येतो, म्हणजे आमच्याकडे सिॲटलला शनिवारी रात्री. २०२५ च्या ऑक्टोबरात मात्र तो आठवड्याच्या मधेच वाजला. "अरे, पुढच्या वर्षी तिसरीपासून एआय येतंय म्हणे. तू त्यातलाच ना? मग सांग, नेमकं काय शिकवायचं?"

ताई सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. तिसरीशी तिचा काही संबंध नाही. पण 'कॉम्प्युटर येणाऱ्या मॅडम' म्हणून तिच्यावर शिक्का बसलाय, त्यामुळे असलं काहीही निघालं की ते तिच्याच टेबलावर येऊन पडतं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने त्या महिन्यात जाहीर केलं होतं, की २०२६-२७ पासून तिसरी आणि त्यापुढच्या सगळ्या वर्गांना एआय आणि संगणकीय विचारपद्धती, म्हणजे प्रश्नाचे छोटे टप्पे पाडून तो सोडवायची रीत, शिकवायची. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. पुण्याचे भावोजी म्हणाले, आत्ता नाही केलं तर आपली पोरं जन्मभर मागे राहतील. काका म्हणाले, शाळेतल्या मुतारीला आधी दार लावा. मला दोघांचंही पटलं. फक्त ज्या बाईने हे शिकवायचं तिला कोणीच काही विचारलं नाही, आणि ती त्याच ग्रुपवर गप्प बसून सगळं वाचत होती.

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक किस्सा होता, तोही माझ्या फजितीचा.

२०१७ साली मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये शिकवायला जायला लागलो. नोकरी सांभाळूनच. टील्स नावाच्या एका उपक्रमातून. मायक्रोसॉफ्टमधल्या केव्हिन वांग या इंजिनिअरने तो २००९ मध्ये सुरू केला आणि पुढे कंपनीनेच तो चालवायला घेतला. इथल्या कितीतरी हायस्कुलांत कॉम्प्युटर सायन्स शिकवणारं कोणी नव्हतंच. ज्याला ते येतं तो शाळेच्या पगारावर कशाला थांबेल? म्हणून मग आमच्यासारख्यांनी ऑफिसच्या आधी सकाळच्या तासाला शाळेत जायचं, शाळेतल्याच एका शिक्षकाने सोबत वर्गात उभं राहायचं आणि साधारण दोन वर्षांत त्या शिक्षकाला विषय जमला की आम्ही बाजूला व्हायचं, अशी ही रचना.

आमच्या वर्गात गणिताच्या बाई होत्या, पन्नाशीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगून टाकलं, "मला हे येत नाही. मी तुमच्याबरोबर शिकणार आहे." मी मनात म्हटलं, झालं! आपल्याकडे एखाद्या बाईंनी असं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये हजर झाले असते.

व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राममध्ये बदलती किंमत ठेवायची नाव दिलेली जागा, शिकवायचं काम माझ्याकडे होतं. रोज ऑफिसात तेच करतो, त्यात काय मोठंसं! मी मेमरीपासून सुरुवात केली, पत्ता म्हणजे काय, किंमत म्हणजे काय... वीस मिनिटांनी मागच्या बाकावरच्या मुलाने हूडी डोक्यावर ओढली आणि बाकावर मान टाकली. बाई उठल्या. फळ्यावर बास्केटबॉलचा स्कोअरबोर्ड काढला. "बास्केट झाली. आता इथे काय लिहू? आणि आधीचा आकडा कुठे गेला?" हूडी मागे सरकली.

खरी फजिती पुढच्या महिन्यातली. आम्ही स्नॅप वापरत होतो, बर्कलीच्या विद्यापीठातली ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा. एका मुलीला षटकोन काढायचा होता आणि पडद्यावर त्रिकोण येत होता. तिने सहा वेळा 'पुढे जा, १२० अंशांत वळ' असं लिहिलं होतं, कारण षटकोनाचा आतला कोन १२० अंशांचा, हे तिला भूमितीत पाठ होतं. मी जवळ गेलो, माउस हातात घेतला, १२० चे ६० केले. षटकोन झाला. दहा सेकंदांचं काम. ती थँक यू म्हणाली, मी खूश. दोन दिवसांनी तिने अष्टकोनासाठी १३५ लिहिले.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. शब्द अगदी सौम्य होते. "उद्यापासून वर्गात फिरताना हात खिशात ठेवायचे." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला बाकांमधल्या मोकळ्या जागेत आणलं आणि जमिनीवर षटकोन चालून दाखवायला सांगितलं. चार पावलं सरळ, मग वळायचं. तिसऱ्या कोपऱ्यावर ती स्वतःच थबकली. आपण वळतो ते ६० आणि आत उरतात ते १२०, हे तिच्या पायांना कळलं होतं. बाईंनी काहीच समजावून सांगितलं नाही. त्या सबंध वर्षात प्रोग्रामिंग त्या माझ्याकडून शिकल्या. शिकवणं कशाला म्हणतात ते मी त्यांच्याकडून शिकलो, आणि हा सौदा माझ्या फायद्याचा झाला.

त्या बाई आयत्या मिळाल्या नव्हत्या. वर्गातली वीस वर्षं तर होतीच, शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच दिवसांचं शिबिर, मग शाळा चालू असताना अधूनमधून शनिवारी दिवसभर पुन्हा तेच शिक्षक एकत्र. शिबिरात त्या विद्यार्थी व्हायच्या, मग एकमेकांसमोर धडा घेऊन दाखवायच्या, मग वर्गात जाऊन आपटायच्या, आणि पुढच्या शनिवारी कुठे आपटलो ते सांगायच्या. ही आपटायची सोय मला फार मोलाची वाटते. दोन तासांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात ती नसते. तिथे शेवटी प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र असतं.

हे इथे एका रात्रीत झालेलं नाही, पुरतंही झालेलं नाही. २०१३ मध्ये हायस्कूलच्या मुलांनी द्यायच्या, पण कॉलेजच्या पातळीच्या, एपी कॉम्प्युटर सायन्सच्या परीक्षेला मिसिसिपी, मोन्टाना आणि वायोमिंग या तीन राज्यांतून एकही मुलगी बसली नव्हती. अकरा राज्यांतून एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने तेव्हा दहा हजार शाळांत दहा हजार शिक्षक तयार करायचा चंग बांधला होता. मोजमाप शिक्षकांचं होतं, यंत्रांचं नव्हतं, हे लक्षात घ्या. २०१६ च्या जानेवारीत ओबामांनी सगळ्यांसाठी कॉम्प्युटर सायन्सची घोषणा केली आणि राज्यांसाठी चार अब्ज डॉलर मागितले. संसदेने ते दिले नाहीत. त्याच वर्षी एपीचा दुसरा, सोपा अभ्यासक्रम आला, ज्यात जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची सक्ती नव्हती, आणि शिकवणाऱ्यांची व शिकणाऱ्यांची संख्या खरोखर वाढली. आमच्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, की २०२२-२३ पासून प्रत्येक जिल्ह्याने हायस्कूलमध्ये हा विषय उपलब्ध ठेवायचा.

आणि फळ? कोड डॉट ऑर्ग या संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे अमेरिकेतल्या ६० टक्के सरकारी हायस्कुलांत हा विषय आहे. तो प्रत्यक्ष घेणारी मुलं मात्र ६.४ टक्के. म्हणजे दुकान उघडलं, पाटी लावली, गिऱ्हाईक मोजकंच. भावोजी "तिकडे बघा" म्हणून ज्या अमेरिकेचं उदाहरण देतात, ती ही.

आपल्याकडचं माझं स्वतःचं शिक्षण आठवतं. अकरावीला मी बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांऐवजी घ्यायचा व्यावसायिक विषय, म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतलं, दुसरी भाषा सोडायला मिळते म्हणून. लॅबच्या बाहेर चपला काढायच्या. आत एसी, जो आमच्यासाठी नव्हता, यंत्रांसाठी होता. मॉनिटरवर कापडी झाकणं. एका यंत्रापाशी तिघं. ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट आणि सी प्लस प्लसचे प्रोग्राम, जे आधी जर्नलमध्ये आउटपुटसकट उतरवायचे आणि नंतर चालवायचे. कधी कधी चालवायचेच राहायचे. सर कंत्राटी होते, आमच्या एक धडा पुढे. माणूस हुशार, पण पुढच्या जूनमध्ये ते असतील का हे त्यांनाही माहीत नसायचं. वर्षभर राहिलेल्या माणसाला षटकोन चालवून बघायचं सुचेलही. जूनची धास्ती असलेला माणूस पोर्शन संपवतो.

पुढे राज्यात हायस्कुलांसाठी आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाची, योजना आली तीही 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर. यंत्रं कंपन्यांनी बसवली, संगणक शिक्षकही त्यांच्यामार्फत कंत्राटावर आले. करार संपला, शिक्षक गेले, यंत्रं राहिली. ती हस्तांतरित झाली, विषय झाला नाही. केरळने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल सुरू केलं तेव्हा वेगळा रस्ता धरला: बाहेरून माणसं आणण्याऐवजी गणित, विज्ञान, भाषा शिकवणाऱ्या आपल्याच शिक्षकांना तयार केलं, त्यांच्यातूनच मास्टर ट्रेनर काढले, आणि मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. त्याचीच २०१७ मध्ये काइट ही सरकारी कंपनी झाली. आमच्या ग्रुपवर अमेरिका, चीन, फिनलंड सगळ्यांची नावं आली. केरळचं नाव कोणी काढलं नाही. शेजारच्याचं बघून शिकायला आपल्याला कमीपणा वाटतो बहुधा.

यंत्रांचा प्रश्न खोटा नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांतच कॉम्प्युटर होते. काकांचं मुतारीचं दारही खरंच नाही. पण दारासाठी थांबायचं म्हटलं तर ताई निवृत्त होईल.

आणि आम्ही परदेशातले? आमची ठरलेली वाट म्हणजे देणगी. २०१२ मध्ये आम्ही सहा मित्रांनी पैसे जमवून एका गावच्या शाळेला दहा कॉम्प्युटर दिले. नारळ फुटला, फोटो आला, आम्ही तो फेसबुकवर टाकला. दोन वर्षांनी मी तिथे गेलो तर खोलीला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर बदलून गेले होते. दोष शाळेचा नाही. दहा यंत्रं देताना ती कोण चालवणार हा प्रश्न आमच्या सहा इंजिनिअरी डोक्यांत आलाच नव्हता. तेच पैसे आम्ही तालुक्यातल्या वीस शिक्षकांच्या मे महिन्यातल्या आठवडाभराच्या निवासी शिबिराला, त्यांच्या जाण्यायेण्याला, जेवणाखाणाला दिले असते तर फोटो बरा आला नसता, एवढंच.

हल्ली यावर एक नवं उत्तर मिळतं: प्रोग्राम आता एआयच लिहितं, शिकायचं कशाला? माझ्या कंपनीतही रोज ऐकतो. मला ती षटकोनवाली मुलगी आठवते. एआय म्हणजे माझा त्या दिवशीचा अवतार आहे. विचारलं की दहा सेकंदांत ६० लिहून देतो, हात खिशात ठेवणं त्याला माहीत नाही. त्याच्या जोडीला वर्गात बाई लागणार, आणि आधीपेक्षा जास्त लागणार.

ताईला मी एवढंच म्हटलं, की एआय राहू दे, कॉम्प्युटरही राहू दे, आधी पाच पुठ्ठे घे. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात काढलेली ही युक्ती: विजेविना, यंत्राविना कॉम्प्युटर सायन्स. पाच मुलं ओळीने उभी करायची, प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर ठिपके: १६, ८, ४, २, १. पुठ्ठा समोर धरला तर मोजायचा, पाठ फिरवली तर नाही. वर्गातल्या कोणाचीही जन्मतारीख सांगायची आणि पाच जणांनी ती दाखवायची. ती म्हणाली, "हे तर मी करू शकते." मी म्हटलं, तूच करू शकतेस.

तिने ते आठवीच्या वर्गावर केलं आणि मला फोनवर दाखवलं. तिच्याकडे सकाळचे अकरा, माझ्याकडे रात्र. फोन खिडकीत टेकवलेला, अर्धं चित्र गजांचं. पाच पोरं दात काढत उभी. १९ झाली, २७ झाली, ३१ ला पाचही पुठ्ठे समोर आले आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात दारात शिपाईमामा. "मॅडम, साहेबांनी बोलावलंय. यू-डायसची माहिती आजच भरायची आहे, दुसऱ्या कोणाला येत नाही." तास निम्मा उरला होता. ताईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खडू ठेवला.

"मॅडम," एकचा पुठ्ठा धरलेला मुलगा म्हणाला, "३२ तारीख असती तर?"

ती दारातून मागे वळली. "मग काय केलं असतंस, तूच सांग. मी येते तोवर."

फोन ती तिथेच विसरून गेली. पोरांचा गलका मला ऐकू येत होता. कोणीतरी सहावा पुठ्ठा शोधत होतं.