कडी लाव आतली

सर्वात आधी कडी लावा. लागली का, एकदा ओढून बघा. 'मी नाही त्यातला अन् कडी लाव आतली' हा आपल्याकडे टोमणा समजतात, पण खरं तर ती वापरण्याची पद्धत आहे. मग इनकॉग्निटो विंडो उघडा. घरच्यांना पत्ता लागत नाही. इंटरनेटवाल्याला लागतो, पण तो काय तुमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला येणार आहे? पॉर्न साइट अदबीनं विचारेल, "आपण 18 वर्षांचे आहात ना?" 'हो'वर टिचकी मारा. झालं. रेशनकार्डावर नाव चढवायला जे चपला झिजवतात त्यांनी हा कारभार एकदा बघावाच.

साइट उघडलीच नाही तर घाबरू नका. सरकारनं जुलै 2015 च्या अखेरीला 857 साइट बंद करायला सांगितल्या आणि चारच दिवसांत पाऊल मागे घेतलं. 2018 मध्ये पुन्हा आठशेच्या वर साइट बंद केल्या. फायदा एवढाच झाला, की ज्या काकांना मोबाइलचा आवाज कमी करता येत नव्हता ते बंदी चुकवणारं व्हीपीएन चालवायला शिकले.

आता मनाची तयारी. मंत्र सोपा आहे: "मी फक्त बघतो." बनवणारा दुसरा, विकणारा तिसरा, आपण आपले गॅलरीत उभे. शंका आलीच तर म्हणा, "ती मर्जीनं करते, सही केलेली असते." काहीजणी मर्जीनं करतातही. कुठली मर्जीची आणि कुठली नाही, हे पडद्यावर दिसत नाही, आणि ते दिसत नाही हीच तर आपली सोय.

सहीचं बघा. अमेरिकेत सॅन दिएगोतून 'गर्ल्स डू पॉर्न' नावाची साइट चालायची. मॉडेलिंगची जाहिरात द्यायची, अठरा-वीस वर्षांच्या मुलींना विमानाचं तिकीट पाठवायचं, हॉटेलच्या खोलीत कागद पुढे करायचे. नाव येणार नाही, इंटरनेटवर जाणार नाही, लांब ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे डीव्हीडी विकल्या जातील, असं सांगायचं. आणि महिन्याभरात ते चित्रण मुलीच्या भावाच्या, कॉलेजातल्या पोरांच्या, नोकरी देणाऱ्याच्या फोनवर. 22 जणी कोर्टात गेल्या. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी फसवणूक झाल्याचं मान्य करून सव्वा कोटी डॉलरांहून जास्त भरपाई दिली. सूत्रधार त्याआधीच परदेशी पळाला होता. एफबीआयच्या पहिल्या दहा फरार आरोपींत त्याचं नाव लागलं, 2022 च्या डिसेंबरात तो स्पेनमध्ये सापडला आणि पुढे त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली. पण तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही फक्त बघत होतात. लाखो लोक फक्त बघत होते, म्हणून तर तिकिटाचे पैसे सुटत होते.

हे सगळं तिकडचं, असं वाटत असेल तर छान. मढच्या बंगल्यांकडे मात्र वळू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथं मुंबई पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तक्रारी अशा होत्या, की वेबसिरीजमध्ये काम देतो म्हणून बोलावलं आणि ऐन वेळी संहिता बदलली. मालवणीहून बसनं जाता येतं तिथं.

"पण मी एक पैसाही देत नाही" हा मुद्दा बिनतोड आहे. डिसेंबर 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं पॉर्नहबवरच्या अल्पवयीन मुलींच्या चित्रणांबद्दल लेख छापला. व्हिसा आणि मास्टरकार्डनं हात काढून घेतले. लेखानंतर दहा दिवसांत साइटवरून सुमारे एक कोटी व्हिडिओ उतरले, कारण ते कुणी टाकले याची कधी खातरजमाच केलेली नव्हती. मुलींच्या विनवण्यांनी वर्षानुवर्षं जे हललं नाही, ते प्लास्टिकच्या दोन कार्डांनी हललं. 2023 मध्ये पॉर्नहब चालवणारी कंपनी विकली गेली. घेणाऱ्या संस्थेचं नाव एथिकल कॅपिटल पार्टनर्स. हो, एथिकल. मी दोनदा वाचून खात्री केली. गोमूत्र शिंपडून झाल्यावर कंपनीचंही नवं बारसं झालं, एलो. त्याच वर्षी डिसेंबरात याच एलोनं अमेरिकी सरकारपुढे कबूल केलं, की सॅन दिएगोच्या त्या टोळीकडचा पैसा आपल्याकडे आला होता. आणि 18 लाख डॉलर भरून खटला लांबवून घेतला.

राहता राहिलं व्यसन. ते तुम्हाला नाही. तुम्ही केव्हाही सोडू शकता. गेल्या दिवाळीपासून तीनदा सोडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही याला 'व्यसन' म्हटलेलं नाही. तिथं आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत अनिवार लैंगिक वर्तनाला जागा दिली आहे: थांबायचे प्रयत्न फसत जाणं, कामाचं, नात्याचं नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे सहा महिने किंवा जास्त. तीच यादी असंही म्हणते, की नुसतं 'हे वाईट' वाटून जीव खाणं म्हणजे आजार नव्हे. हे शेवटचं वाक्य पाठ करा. त्याच्या वरचं वाचायची गरज नाही. रात्री दीड वाजता एका व्हिडिओखाली पुढचा आपोआप सुरू होतो, तेव्हा अंगठ्याला दोष देऊ नका. त्या अंगठ्याचा अभ्यास करायला तिकडे पगारी माणसं बसवलेली आहेत.

शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी विठ्ठलाचा फोटो, रात्री "क्लिप आली का रे?" असं चालतंच. 'लीक' असं लिहून आलेली क्लिप जास्त उत्साहानं उघडा. कुणाच्या तरी विश्वासाचा गळा घोटल्याशिवाय ती लीक होत नाही, म्हणूनच तिला भाव. पुढे ढकलली तर आयटी कायद्याच्या 67 अ कलमाखाली पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण ग्रुपचा अ‍ॅडमिन आपला वर्गमित्रच आहे. क्लिपमधलं कुणी अल्पवयीन असेल तर ती फोनमध्ये ठेवणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. वय कसं ओळखायचं, असं विचारता? तुमचं जसं ओळखलं तसंच. टिचकी मारून.

क्लिपमधल्या मुलीला स्वतःचा व्हिडिओ साइटवरून काढायचा असतो, तेव्हा मात्र टिचकी पुरत नाही. आधी तो शोधावा लागतो, म्हणजे पुन्हा बघावा लागतो. अर्ज भरावा लागतो, ती मीच आहे असं सांगावं लागतं. मग तो उतरतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावानं वर येतो, कारण दरम्यान कुणीतरी डाउनलोड करून ठेवलेला असतो.

तुम्ही ठेवत नाही. तुम्ही फक्त बघता. कडी ओढून पाहिलीत ना?