पिन टाकली, टन आले, म्हणून बांध मोडायचा?

गावच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: "बांधबंदिस्तीवर पैसे घालवू नका. वेबसाइटवर शेताची पिन टाका, या पावसाळ्यात किती माती वाहून जाणार ते अचूक कळतं. एकरी ५ टनाच्या आत आलं तर बिनधास्त राहा." मी मृदसंधारणाच्याच कामात आहे, या साइट नेहमी वापरतो, साइटशी माझं भांडण नाहीये, मेसेजशी आहे.

पहिलं, "या पावसाळ्यात". बऱ्याच साइटच्या पोटात यूएसएलई (जमिनीची धूप काढायचं समीकरण) नाहीतर तिची पुढची आवृत्ती रसल असते, म्हणजे विशमायर आणि स्मिथ या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रयोगाच्या प्लॉटांच्या नोंदींवरून बसवलेला गुणाकार: पाऊस, माती, उतार, पीक, बांधबंदिस्ती. उत्तर येतं ते बऱ्याच वर्षांची सरासरी, यंदाच्या जूनमध्ये तासाभरात जो पाऊस कोसळणार तो त्यात नाही. वेप नावाचं मॉडेल रोजरोजचा पाऊस धरतं खरं, पण तो पाऊसही त्याला कुणीतरी पुरवावाच लागतो.

"अचूक" म्हणाल तर मूळ प्लॉट २२.१ मीटर लांब, ९ टक्के उताराचा, नांगरून मोकळा ठेवलेला. आणि आपल्याकडे साइट उतार काढते तो बहुतेक वेळा ३० मीटरच्या चौकोनांवरून, त्यात दोन फुटी बांध कुठून दिसणार? मी आमच्याच वावराची पिन टाकून बघितली, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत एकसलग उतार, मधले तिन्ही बांध गायब. आणि खरी माती जिथून जाते तो खालचा कोपरा, वरच्या शेजाऱ्याचं पाणी सांडवा फोडून आमच्यात उतरतं आणि कमरेएवढी घळ पडलीय, ती हिशोबातच नाही, कारण हा गुणाकार पातळ थरानं आणि बारीक ओघळींतून जाणारी मातीच धरतो, घळीची धरत नाही.

५ टनांचं तर विचारूच नका. ती अमेरिकेतली, वर्षाला किती माती गेलेली चालेल याची खोल जमिनीसाठीची वरची मर्यादा, उथळ जमिनीला तिकडेही कमी धरतात. एकरी ५ टन म्हणजे अख्ख्या रानावरून जेमतेम एक मिलीमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. नदीकाठच्या दहा फूट काळीला ते एकवेळ चालेल, पण मुरमावर वीतभर माती असलेल्या माळालाही तोच आकडा लावायचा?

मग साइट कशाला वापरायची, तर तुलनेला. एकच शेत दोनदा चालवा, एकदा उताराला आडवी पेरणी, एकदा उभी, बाकी काही बदलू नका आणि फरक बघा.

आणि हो, त्या मेसेजसोबतचा स्क्रीनशॉट जरा झूम करून बघा. उत्तर आलंय ४.१ टन. खाली पी च्या, म्हणजे गुणाकारातल्या बांधबंदिस्तीच्या, रकान्यात ०.५ भरलंय, म्हणजे बांधबंदिस्ती आहे असं धरून. बांध मोडायचे असतील तर तिथे १ टाकायला लागतो, मग तेच उत्तर ८.२ येतं.