काळ्या सिंगरची पारख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुने शिवणयंत्र पारखून घेण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की या यंत्रांचे कौतुक निव्वळ स्मरणरंजन आहे. आपण हौसेने घेतलेले ‘सिंगर १५’ हे जुने काळे यंत्र टाके सोडते, कापडाच्या उलट बाजूला धाग्याचे गुंते करते आणि थोडी भर घातली असती तर त्याच पैशांत झिगझॅगचे नवे यंत्र आले असते.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. हे सरळ टाक्याचे यंत्र आहे, त्यावर पिको होत नाही, आणि ज्यांना मुख्यतः होजिअरीचे ताणले जाणारे कापड शिवायचे आहे त्यांनी ते घेऊच नये. सुती कापड, पडदे, पिशव्या, जीन्सची दुमड एवढेच काम असेल, तर गोष्ट वेगळी.

मात्र टाके सुटण्याचा आणि गुंत्याचा दोष आपण यंत्राच्या वयावर टाकलात, ही मला घाई वाटते. टाके सुटू लागले की आधी सुई पाहावी. तिच्या दांड्याची सपाट बाजू धागा ज्या बाजूने ओवतो तिच्या विरुद्ध हवी आणि सुई पार वर टेकेपर्यंत बसलेली हवी. ती किंचित खाली राहिली, तरी खालच्या धाग्याची बॉबिन (रीळ) ज्यात बसते त्या शटलच्या टोकाला वरच्या धाग्याचा फास वेळेवर सापडत नाही आणि टाका पडत नाही. खालच्या गुंत्याचे मूळ तर बहुधा वर असते, आणि लोक मात्र बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात! दाबाचा पाय खाली असताना धागा ओवला, तर धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असल्यामुळे तो त्यांच्यामध्ये शिरत नाही, आणि सैल राहिलेला वरचा धागा कापडाखाली गोळा होतो. पाय उचलून पुन्हा ओवून पाहावे.

विक्रेत्याने अनुक्रमांकावरून वय सांगून भाव चढवला, असेही आपण लिहिले आहे. सिंगरचा स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, परंतु तोवर तेथून अशी यंत्रे लाखोंनी बाहेर पडली होती. तेव्हा जुने म्हणजे दुर्मीळ, हा हिशेब चुकीचा आहे. पैसे मोजावेत ते शटलची खाच गंजाने खरवडलेली नाही आणि कापड सरकवणारे दाते झिजलेले नाहीत, याची खात्री झाल्यावर. चाक जड फिरणे हा त्यामानाने किरकोळ दोष आहे, कारण वाळून चिकट झालेले तेल रॉकेलने सुटते. त्यानंतर मशीन ऑइलच घालावे, खोबरेल नव्हे.

सुटे भाग मिळत नाहीत, हे लांब बॉबिनच्या, होडीसारख्या शटलच्या यंत्रांबाबत बरेचसे खरे आहे. आपल्या यंत्राची गोल बॉबिन आणि सुई मात्र आपल्याकडच्या साध्या काळ्या यंत्रांचीच असल्याने कोणत्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळते. त्याला जुनी मोटर जोडलेली असेल, तर वायरचे रबर तडकले आहे का ते पाहावे, आणि तडकले असल्यास वायर बदलेपर्यंत यंत्र हाताने किंवा पायानेच चालवावे.