'कांदळवन' लिहिलं म्हणून शून्य

दाभोळ खाडीकाठच्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. गेल्या महिन्यात ऑनलाइन फॉर्मवर चाचणी घेतली. एक प्रश्न होता : खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या जंगलाला काय म्हणतात? उत्तरसूचीत मी 'खारफुटी' एवढंच टाकलं होतं. निकाल बघितला तर अकरा मुलांना शून्य. त्यांनी लिहिलं होतं, 'कांदळवन'.

अहो, खारफुटी सांभाळणाऱ्या वनविभागाच्या कक्षाचं नावच कांदळवन कक्ष आहे, २०१२ पासून! मुलांचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

मग सगळी उत्तरं एकेक उघडून वाचली. एका मुलीने 'खार फुटी' असं मध्ये जागा सोडून लिहिलं होतं, तिलाही शून्य. फॉर्म अक्षराला अक्षर जुळवून बघतो. मराठीत एकच शब्द जोडून, तोडून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून कितीतरी तऱ्हांनी लिहिला जातो, हे त्याला कळायचं कसं? एकाने 'तिवर' लिहिलं होतं. तिवर म्हणजे जंगलातलं एक झाड, अख्खं जंगल नव्हे. पण हा मुलगा रोज ते झाड बघतो. त्याला मी अर्धा गुण दिला आणि त्याच जंगलातलं चिप्पीचं झाड कुठलं, कांदळाचं कुठलं हे दाखवायला त्यालाच वर्गापुढे उभं केलं. हे कुठल्या उत्तरसूचीत बसवणार?

गृहपाठ मोबाईलवर गोळा करायला माझा विरोध नाही, उलट आग्रहच आहे. पावसाळ्यात चाळीस वह्या पिशवीत घेऊन एसटीने घरी न्यायच्या, अर्ध्यांची शाई पसरलेली, हे वर्षानुवर्षं केलंय. आता पानांचे फोटो येतात. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं खाली खासगीत शंका लिहितात, याचं मला फार मोल वाटतं. फक्त मुदत उलटली की 'उशिरा' असा शिक्का बसतो, त्यावरून मी गुण कापत नाही. काही वाड्यांत रेंज नाही. तिथली मुलं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर चढून फोटो पाठवतात, आणि पावसात तेही जमत नाही.

बहुपर्यायी प्रश्न फॉर्मने खुशाल तपासावेत. एका शब्दाचं का होईना, मुलाने स्वतः लिहिलेलं उत्तर मात्र शिक्षकाने वाचायलाच हवं. फॉर्ममध्ये गुण लगेच न दाखवता तपासून मग जाहीर करायची सोय असते. मी आता तीच वापरतो. त्या अकरा जणांचे गुण दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केले, आणि वर्गात त्यांची माफीही मागितली.