ग्लासातला तपकिरी गाळ येतो कुठून?

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. सळ्यांचं यंत्र बुडवून बटण दाबलं की नळाचं पाणी मिनिटभरात तपकिरी होतं, आरओचं तसंच राहतं. ही घाण तुम्ही रोज पिता, असा सोबतचा दावा.

घाण पाण्यात आधीपासून होती? नव्हती. यंत्रात लोखंडी सळ्या असतात. वीज सुरू झाली की धनाग्राचं, म्हणजे धन टोकाला जोडलेल्या सळईचं, लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गंजासारखा गाळ होतो. पडताळायचं तर सळ्या बदला. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा, नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडा, त्याच पाण्यात बुडवा. पेन्सिलीत शिसं नसतंच. ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. बुडबुडे येतील, फार वेळ ठेवलं तर काळे कण सुटतील, तपकिरी गाळ मात्र येणार नाही. पाणी तर तेच आहे.

आरओचं पाणी शुद्ध म्हणून तसंच राहिलं? त्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहिली नाही, एवढंच. विक्रेत्यालाच त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. (घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या त्या यंत्राला स्वतः हात लावू नका.)

इलेक्ट्रोडनं, म्हणजे वीज पाण्यात नेणाऱ्या अशा कांडीनं, प्रदूषण कळतं, हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच या व्हिडिओचा राग येतो. पेन्सिलीच्या त्याच स्वस्त कांडीवर बिस्मथ या धातूचा पातळ थर दिला, तुलनेसाठी संदर्भ इलेक्ट्रोड आणि विभव (विजेचा दाब) नेमका राखणारं उपकरण जोडलं, की पाण्यातलं शिसं मोजता येतं. आधी काही मिनिटं ऋण विभव देऊन शिसं कांडीवर जमवायचं, मग विभव हळूहळू वाढवत ते परत विरघळवायचं. पाण्यात कॅडमियम हा दुसरा धातू असेल तर तो आधी सुटतो, शिसं नंतर. प्रत्येकाच्या वेळी प्रवाहाचं एक शिखर उमटतं आणि त्याच्या उंचीवरून प्रमाण काढतात. पूर्वी या कामाला पारा लागे. २००० सालापासून बिस्मथ वापरात आलं. यात पाण्याचा रंग कुठेच बदलत नाही.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, कमी म्हणजे पाणी सुरक्षित? भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, शिशाची ०.०१. पन्नास हजारावा हिस्सा टीडीएस मीटर काय दाखवणार?

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही विहिरींत फ्लोराइड जास्त आहे. त्याचा तर या ग्लासात काहीच रंग उमटत नाही. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत बाटलीभर नमुना द्या.